ब्रिजिटच्या बागेत वर्ष अंधारातून सुरू होतं

आयर्लंडमध्ये गॉलवेहून क्लिफडेनच्या रस्त्याला लागलं की वाटेत रॉसकाहिल येतं. तिथली 'ब्रिजिट्स गार्डन' ही केल्टिक, म्हणजे आयर्लंडच्या प्राचीन संस्कृतीवर बेतलेली बाग बघायला निघालो खरा, पण मनात शंका होती. केल्टिक म्हटलं की फ्रिजच्या मॅग्नेटपासून टी-शर्टपर्यंत तीच ती गाठींची नक्षी. बागेत वेगळं काय असणार?

पण ही बाग नक्षीवर उभीच नाही. ११ एकरांची ही जागा २००४ साली खुली झाली. मुख्य बागांची आखणी मेरी रेनॉल्ड्सची. २००२ साली लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये रानझाडं आणि गडग्यासारख्या नुसत्या रचलेल्या दगडी भिंती मांडून सुवर्णपदक पटकावणारी तीच ही. इथे तिने थेट पंचांगच घेतलं. जुन्या आयरिश वर्षाचे चार सण, चार बागा.

पहिली साविनची, म्हणजे नोव्हेंबरची. इथलं वर्ष हिवाळ्याच्या तोंडाशी, अंधारात सुरू होतं. कांस्याची एक बाई अंग मुडपून झोपली आहे. भुरभुर पाऊस होता. तिच्या कुशीतल्या खोलगटात पाणी साचलेलं आणि त्यात एक पिवळं पान. बराच वेळ तिथेच रेंगाळलो.

पुढची इम्बोल्कची, फेब्रुवारीतली, बालपणाची. टोपलीसारखे झोके आहेत. आजूबाजूला कोणी नाही बघून बसून घेतलं! मग मे महिन्यातली ब्यालटिना. या सणाला गुरं दोन जाळांमधून हाकत, रोगराई टळावी म्हणून. इथे दुतर्फा उभे दगड आहेत. त्यांच्यामधून चालताना आपणही त्या कळपातले होतो. लूनासाची, सुगीची बाग मात्र उरकली. पाऊस वाढला होता.

सगळ्यात आवडलं ते कोणी न आखलेलं. झाडीत एक जुना रिंगफोर्ट आहे, मातीच्या बांधाचं वर्तुळ. मुळात अशी वर्तुळं म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्तीची कुंपणं, पण लोक त्यांना परींचे किल्ले म्हणतात आणि तिथलं झाड तोडत नाहीत. देवराईतली वाळकी काटकीही घरी न आणणाऱ्या आमच्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

तिथेच हॉथॉर्नच्या काट्यात माझी बाही अडकली. फांदी न मोडता ती सोडवेपर्यंत परतीची बस निघून गेली.