माउंटन बाइकसाठी डिस्क ब्रेक निवडताना

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या येऊरहून उपवनकडे उतरताना एका वळणावर माझ्या सायकलचे मागचे चाक अचानक जॅम झाले आणि ओल्या पानांवरून घसरत मी कडेच्या चिखलात पडलो. ब्रेक लागला नाही अशी तक्रार करण्याची सोय नव्हती. तो नको तितका लागला होता. चाकाला जोडलेली धातूची चकती दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा तो डिस्क ब्रेक केबलवर चालणारा होता, आणि केबलमध्ये चिखल आणि गंज साचल्यामुळे लिव्हर निम्मा दाबेपर्यंत काहीच घडत नसे आणि त्यापुढे किंचित दाबताच चाक थांबत असे.

म्हणून नवा ब्रेक निवडताना त्याची पकड किती जबरदस्त आहे यापेक्षा ती बोटाच्या दाबाप्रमाणे कमीजास्त करता येते का, हे मी आधी पाहिले. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये बंद नळीतले तेल पिस्टनला ढकलते, त्यामुळे मधले घर्षण जवळजवळ नाहीसे होते आणि चकतीवर घासणारे पॅड झिजले तरी पिस्टन आपोआप पुढे सरकत राहतात. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल म्हणजे खनिज तेल असते, तर स्रॅम कंपनीच्या अनेक मॉडेलांत मोटारींच्या ब्रेकमध्येही वापरतात ते डॉट फ्लुइड. डॉट फ्लुइड हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू हळूहळू उतरतो, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. मुंबईच्या दमट हवेत मला ही जबाबदारी नको होती, तेव्हा मी मिनरल ऑइलचा ब्रेक घेतला. एकात दुसरे तेल मात्र कधीही घालू नये, कारण त्याने आतली, गळती रोखणारी सीले खराब होतात.

चार पिस्टनांच्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड आणि पिस्टन बसवलेल्या पकडीचा, मोह मी टाळला. लांबलचक घाट उतरणाऱ्यांना किंवा वजनदार ई-बाइक चालवणाऱ्यांना तो उपयोगी आहे, पण माझ्यासारख्याला दोन पिस्टन पुरतात. त्याऐवजी पुढचा रोटर, म्हणजे ती चकती, १६० मिलिमीटरवरून १८० मिलिमीटरचा केला. तेवढ्याच दाबात थांबवण्याचा जोर सुमारे एक अष्टमांशाने वाढला, आणि ब्रेक मारताना भार पुढच्या चाकावर येत असल्याने तो हवा तिथेच वाढला. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला किती मोठा रोटर चालतो, हे मात्र आधी तपासावे.

पॅडच्या बाबतीत मी अजूनही द्विधा आहे. रेझिनचे पॅड शांत असतात आणि थंड असतानाही छान पकडतात, पण पावसातल्या चिखलात भराभर झिजतात; धातूचे पॅड टिकतात, उष्णता सोसतात, पण ओले झाले की किंचाळतात. काही स्वस्त रोटरांवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते, ती पाळावी. सध्या जून ते सप्टेंबर धातूचे आणि एरवी रेझिनचे, असे चालले आहे.

ते किंचाळणे ऐकून आमच्या सोसायटीतील एका काकांनी मोठ्या आपुलकीने रोटरवर शिलाई मशीनचे तेल सोडले. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाचला. पॅड मात्र तेल प्यायले होते, ते टाकून द्यावे लागले.