ऑइलचा लाल दिवा

आज सकाळी बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढून सुरूरजवळ गाडीचा वेग कमी केला आणि डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकला. अॅक्सिलरेटर दाबला की विझायचा, सोडला की परत पेटायचा. बाबा एवढंच म्हणाले, "आधी इंजिन बंद कर."

गाडी कडेला घेतली. दहा मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, पुसून पाहिली, ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. म्हणजे ऑइल कमी नव्हतं, पण हा दिवा ऑइलच्या दाबाचा, आणि दाब मिळतोय की नाही हे डिपस्टिक सांगत नाही. ऑइल फिरवणारा पंप गेला असेल तर इंजिनातली बेअरिंग कोरडी पडायला फार वेळ लागत नाही. मी गाडी चालवत नेली नाही, टोचन करून गॅरेजला आणली.

मेकॅनिक दादांचं काम पाहत राहावं असं होतं. अंदाजाने काहीच बदललं नाही. दाब कमी झाला की दिवा पेटवणारा प्रेशर स्विच काढून त्या जागी दाब मोजणारा गेज लावला आणि इंजिन पूर्ण तापू दिलं. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, काटा एक बारच्या (बार हे दाबाचं माप) वर, दोन हजार आरपीएमला तीनच्या आसपास. पंप ठणठणीत! मग स्विचचा प्लग दाखवला, आत ऑइल झिरपलेलं. स्विचमधला पडदाच फाटला होता, म्हणून दाब ठीक असूनही दिवा पेटत होता.

नवा स्विच बसवला. किल्ली फिरवल्यावर दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. बाबांनी तो तीनदा बघितला, मग सीटबेल्ट लावला.