कर्जरोखे आणि आपला मालमत्ता कर

पाणीपुरवठ्याच्या कामासाठी कर्जरोखे काढण्याचा, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरावीक व्याजाने कर्ज उभारण्याचा विषय आज आमच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे होता, म्हणून शेजारच्या काकूंसोबत मी प्रेक्षक कक्षात तीन तास बसून होते. जकात बंद झाल्यापासून पालिकांच्या हक्काच्या उत्पन्नात मालमत्ता कराखेरीज फारसे उरलेले नाही, त्यामुळे कर्ज नकोच, असे मी म्हणणार नाही. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे काढले होते. म्हणजे मुद्दल बाजूला ठेवले, तरी वर्षाचे व्याजच 15 कोटींवर जाते. अशा रोख्यांच्या परतफेडीसाठी कराचा पैसा आधी वेगळ्या खात्यात वळवला जातो आणि उरलेल्यातून रस्ते, दवाखाने, शाळा चालतात, हे सभेत कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते. काकूंच्या चाळीत पाणी दिवसाआड येते. पाण्याचे मीटर बसल्यावर बिल किती येईल, हा त्यांचा साधा प्रश्न आमच्या नगरसेविकाबाईंनी मांडला, पण त्याला उत्तर मिळाले नाही. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आहे. तोवर परतफेडीचे वर्षनिहाय वेळापत्रक मराठीत प्रसिद्ध करावे, असा अर्ज मी उद्या देणार आहे.