तुम्ही विचारलंत म्हणून: तान्ह्या मुलांना घेऊन परवडणारी क्रूझ

मंडळाच्या गणपतीत, बागेतल्या झोपाळ्यापाशी, कुणाच्या डोहाळजेवणात, गेली दोन वर्षं हा प्रश्न मला सतत येतो. "तुम्ही दोन्ही मुलं एवढी लहान असताना क्रूझला गेलात ना? आम्हालाही जायचंय. बजेटमध्ये बसेल अशी कुठली घेऊ?" प्रत्येक वेळी घाईघाईत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं, खरं महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून आज बसून लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरला अडीच वर्षांचा होता आणि धाकटी आठ महिन्यांची. वर्षभराने पुन्हा गेलो. पहिल्या वेळी भाड्यात पैसे वाचवले आणि चुकीच्या जागी वाचवले. दुसऱ्या वेळी त्याच सुमाराच्या खर्चात आम्ही चौघंही सुखात होतो. या दोन प्रवासांत जे कळलं तेच सांगते.

कुठली क्रूझ स्वस्त, हे आधी विचारू नका. जहाज सुटेल त्या दिवशी तुमची मुलं किती वयाची असतील ते आधी मोजा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेतच नाहीत. सलग बरेच दिवस भर समुद्रात असणाऱ्या लांबच्या सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. नंतरची पायरी तीन वर्षांची. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, डिस्ने या कंपन्यांच्या जहाजांवर मुलांना सोडून येता येईल असा जो फुकटचा क्लब असतो, तो वयाच्या तीन वर्षांपासून सुरू होतो, आणि रॉयल कॅरिबियन, डिस्नेकडे तिथे डायपर सुटलेला लागतो. कार्निव्हल दोन वर्षांपासून घेते आणि तिथल्या ताई डायपरही बदलतात. त्याहून लहान बाळांसाठी डिस्नेकडे आणि रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण त्याचे तासावर पैसे पडतात. म्हणजे दोन वर्षांचं मूल घेऊन जाताना ज्या क्लबचे फोटो पाहून आपण भुलतो, त्याचं दार आपल्या लेकरासाठी बंद असू शकतं. अशा वेळी घसरगुंड्यांच्या नव्या कोऱ्या जहाजाला जास्त पैसे मोजू नका. जुनं, लहान जहाज घ्या. एवढ्या लहान मुलांना लिफ्टची बटणं, लांबलचक पॅसेज आणि खिडकीतला समुद्र पुरतो. हे मी दोन्ही मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

पोहण्याच्या तलावाचं मात्र मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. डायपरमधल्या मुलाला जहाजावरच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा वेगळा डायपर घातला असला तरीसुद्धा नाही. अमेरिकन बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, स्वच्छतेचा नियम आहे तो, आणि शेकडो माणसं एकाच पाण्यात उतरतात तेव्हा तो योग्यच आहे. ठरावीक जहाजांवरच अशा बाळांसाठी वेगळं छोटं पाणी केलेलं असतं. आमच्या पहिल्या जहाजावर ते नव्हतं. थोरला नवी निळी चड्डी घालून, दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता आणि आत उड्या मारणाऱ्या मुलांकडे बघत दर थोड्या वेळाने विचारत होता, "आता माझा नंबर?" अजून आठवलं की पोटात कालवतं. तेव्हा बुक करण्याआधी फोन करून नेमकं हेच विचारा: डायपरमधल्या मुलासाठी पाणी आहे का? नसेल तर मुलाला पाण्याची आशा दाखवू नका.

आता पैशांचं. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि तो एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेला असतो. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला भाडं कमी पडतं, कधीकधी मुलांचे फक्त कर आणि बंदराचे पैसे घेतात. पण हे कर आणि बंदराचे पैसे तान्ह्या बाळालाही चुकत नाहीत. वर टिप. ती साधारण माणशी, दिवसाला १६ ते २० डॉलर धरा. काही कंपन्या दोन किंवा तीन वर्षांखालच्यांना ती माफ करतात, काही करत नाहीत. चौघांची पाच रात्रींची टिप १८ डॉलरने धरली तरी ३६० डॉलर झाले, आणि हे जाहिरातीत कुठेच दिसत नाही. त्यामुळे दोन सफरींची तुलना करताना अगदी शेवटच्या पानावर येणारी चौघांची बेरीजच समोरासमोर ठेवा.

आमचा सगळ्यात मोठा खर्च वाचला तो बंदरामुळे. बेयॉनचं केप लिबर्टी आमच्या घरापासून गाडीने पाऊण-एक तासावर आहे. फ्लोरिडातून सुटणारी सफर दिसायला स्वस्त असते, पण तिथवर विमानाने जायचं म्हणजे दोन वर्षांवरच्या प्रत्येकाचं तिकीट, शिवाय उशीर नको म्हणून आदल्या रात्रीचं हॉटेल. इथे मात्र पार्किंगचे पैसे भरले की झालं. डायपरचे गठ्ठे, दुधाच्या पावडरचे डबे, सगळं डिकीत टाकून निघालो. बर्म्युडाची पाच रात्रींची सफर मला एवढ्या लहान मुलांसाठी फार आवडली, कारण जहाज तिथल्या किंग्ज वार्फ बंदरात थेट धक्क्याला लागतं आणि बाबागाडी ढकलत उतरता येतं. जिथे जहाज लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, ती बंदरं सध्या टाळा. थंडीत मात्र न्यू जर्सीहून निघू नका. पहिला दिवसभर डेकवर उभं राहवत नाही आणि समुद्रही खवळलेला असतो.

अजून मुलांच्या शाळा सुरू झाल्या नाहीत हे या वयाचं मोठं भाग्य. सप्टेंबरमध्ये सगळी मुलं शाळेत गेली की भाडी उतरतात. तो वादळांचा काळ आहे, जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, त्यामुळे जहाज ऐन वेळी मार्ग बदलू शकतं. आम्ही ते मान्य करूनच सप्टेंबर घेतला.

केबिनच्या बाबतीत मी जरा हट्टाने सांगणार आहे. पहिल्या वेळी सगळ्यात स्वस्त, आतली बिनखिडकीची केबिन घेतली. मुलांना त्या काळोखात झोप छान लागली. पण साडेसातला मुलं झोपली की आम्ही दोघांनी काय करायचं? दिवा लावला की धाकटी जागी. बाहेर जावं तर एकाला थांबावंच लागणार. पाचही रात्री आम्ही बाथरूमचं दार लोटून घेऊन, मी झाकणावर आणि नवरा उंबऱ्यावर, असे कुजबुजत बसलो. दुसऱ्या वेळी विमानाचे वाचलेले पैसे बाल्कनीत घातले. मुलं झोपली की काचेचं दार ओढून घ्यायचं, पडदा इंचभर उघडा ठेवायचा आणि बाहेर दोन खुर्च्यांवर बसायचं. खाली काळं पाणी आणि जहाजाच्या कडेने मागे पळणारा पांढरा फेस. बाळंतपणानंतर आम्ही दोघं इतकं सलग बोललो ते तिथेच. दिवसा मात्र ते दार कायम बंद आणि खुर्च्या कठड्यापासून लांब, हे कसोशीने पाळा. फार उंचावरची केबिन नको. मधली, खालच्या मजल्यावरची घ्या. तिथे हेलकावे कमी बसतात आणि भाडंही कमी असतं. बाळाचा पाळणा फुकट मिळतो, पण मोजकेच असतात, बुक करतानाच मागून ठेवा. न्हाणीघरात सहसा टब नसतो, फक्त शॉवर. म्हणून आम्ही हवा भरायचा छोटा टब नेला आणि धाकटीची अंघोळ सुखाची झाली.

मऊभातासाठी छोटा राइस कुकर नेऊ का, असं मला तिघींनी विचारलंय. नेऊ नका, किटलीही नको. बंदरावरच काढून घेतात. घरचं शिजवलेलंही नेता येत नाही, बाळाचं बंद डब्यातलं खाणं चालतं. पण काळजी करू नका. जेवणाची लवकरची पाळी घ्या आणि पहिल्याच रात्री वाढणाऱ्याला सांगा. दुसऱ्या सफरीत आमच्या टेबलाला कुडाळकडचा मुलगा होता. जहाजांवर गोव्याची, कोकणाची माणसं पुष्कळ भेटतात. पहिल्या दिवशी तो इंग्रजीत बोलला. दुसऱ्या दिवशी थोरला "आई, भू" म्हणाला तसा तो थबकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, छोटीसाठी भात मऊ करून आणू?" डाळ, बिनतिखटाची, आणि काट्याने स्वतः मऊ केलेला भात, वर लोण्याचा गोळा. रोज, न सांगता. त्याची मुलगीही त्याच वयाची होती. आठ महिन्यांच्या करारावर आलेला, तिला फोनवरच पाहत होता. निघताना त्याला वेगळे पैसे दिले. टिपच्या रकमेत काटकसर करायला कुणी सांगितलं तर कृपया त्याचं ऐकू नका.

आजी-आजोबांना न्यायचं असेल तर एकटी आजी वेगळ्या केबिनमध्ये ठेवली की तिला जवळपास दोघांचं भाडं पडतं. त्याऐवजी मधलं दार असलेल्या दोन आतल्या केबिन घ्या आणि एक नातवंड तिच्या नावावर टाका. दोन बाथरूम मिळतात, एका खोलीत दिवा लावता येतो, आणि बेरीज कधीकधी एका बाल्कनीएवढीच येते. कागदपत्रांचं मात्र नीट बघा. इथे जन्मलेल्या मुलांना परत त्याच बंदरात येणाऱ्या सफरीसाठी जन्माचा दाखला चालतो. आपल्याला, भारतीय पासपोर्टवाल्यांना नाही. नोकरीचा एच-वन-बी व्हिसा असो की आईचा व्हिजिटर व्हिसा, तुम्ही देश सोडून परत येताय असं धरून व्हिसाचा शिक्का तपासा, आणि जिथे उतरणार त्या देशाचा नियमही पैसे भरण्याआधी बघा.

जहाजावरच्या डॉक्टरचं बिल थेट तुमच्या खात्यावर लागतं आणि घरचा विमा बरेचदा तिथे चालत नाही. प्रवासाचा विमा मुलांच्या नावासकट काढा. तापाचं औषध, थर्मामीटर आणि लागतील त्याच्या दीडपट डायपर घरूनच न्या.

धाकटी मार्चमध्ये तीन वर्षांची होईल. डायपर रात्रीचा अजून आहे, दिवसाचा सुटलाय. थोरल्याने तिला त्या तलावाबद्दल आत्तापासूनच सांगून ठेवलंय, म्हणून या वेळी मी फोन करून आधी पाण्याचंच विचारलं.