रिंगा गेल्या म्हणे!

होडीच्या मागे लावायचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, घेतलं तेव्हा थोडाफार धूर येणार हे धरूनच चाललो होतो. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, म्हणजे तेही जळणारच. पण माझ्या इंजिनाचा निळसर धूर अर्ध्या तासानंतरही कमी होईना. वारा मागून असला की सगळा नाकात. पाण्यावर रंगीत तवंग दिसायचा, त्याची लाज वेगळीच.

"रिंगा गेल्या, इंजिन खोला," असा पहिला सल्ला मिळाला. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. नशीब, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं; रिंगा झिजल्या की तो उतरतो. दोन्ही सिलिंडरचं सारखं आणि चांगलं. प्लग मात्र काळे, ओले, तेलकट.

मग मिश्रणाकडे वळलो. माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली तेल. आधीच्या मालकाने सांगितलेलं माप ४० मिली. हे झालं २५:१, नवं इंजिन रुळेपर्यंत वापरतात तसं. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असं मलाही वाटायचं. भरीला डबा दुचाकीच्या तेलाचा! पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला राख न सोडणारं, टीसी-डब्ल्यू३ प्रतीचं तेल लागतं. टाकी रिकामी करून मोजून भरलं. धूर निम्म्यावर आला.

उरलेल्या निम्म्याने मात्र आठवडा खाल्ला. कार्बोरेटर साफ केला, चोक पूर्ण उघडतो का पाहिलं. फरक शून्य. (इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून तपासत असाल तर उघड्यावरच करा, शेडमध्ये दहा मिनिटांत माझं डोकं धरलं, आणि तो कार्बन मोनॉक्साइड काही गंमत नाही.) एकदा सहज सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवला, तर इतका वेळ चालवूनही ते जेमतेम कोमट! थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप, काढला, तर मिठाने उघडाच अडकलेला. थंड पाणी अखंड फिरत होतं, इंजिन तापतच नव्हतं, मग तेल नीट जळणार कसं? नवा थर्मोस्टॅट आधी भांड्यातल्या गरम पाण्यात उघडतो का ते पाहिलं, मग नव्या गॅस्केटसह बसवला.

आता सुरू करताना मिनिटभर धूर येतो, बराच वेळ संथ चालवून एकदम वेग दिला की एक लोट निघतो, बस. पहिल्या फेरीत मात्र आत साचलेलं तेल जळेपर्यंत असा काही धूर निघाला, की मी पुन्हा रिंगांचाच विचार करत बसलो होतो.