स्वयंपाक : घरचाच, ०

चतुर्थीला बारा दिवस उरले होते. या दिवसांत आमच्या समुपदेशन केंद्रात गर्दी वाढते. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या घरांत वर्षभर जे कोणी बोलत नाही, ते चतुर्थीच्या तोंडावर वर येतं. चाकरमानी येणार, भाऊ-भावजया येणार, चौदा माणसांचं रांधायचं, कौलं कोणी परतली, पैसे कोणी दिले नाहीत, सगळंच.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. ती दोघं एकाच स्कूटरवरून आली. रेनकोट एकच होता, तो तिच्या अंगावर आणि नवरा चिंब. अशा गोष्टींची मी मनात नोंद ठेवते, पुढे कामाला येतात. (दोघांची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. घरामागच्या परड्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या, न्याहारी-निवास सुरू करायचं, अशी योजना. डाव्या पानावर खर्च होता. एकूण ६,५०,०००. त्यातले ५०,००० चिऱ्यांसाठी कंत्राटदाराला आगाऊ देऊन झालेले. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून १,६०,०००, उरलेले ४,४०,००० बँकेचं कर्ज. उजव्या पानावर उत्पन्न : दोन खोल्या, १,५०० रुपये रात्र, वर्षाला १२० रात्री, ३,६०,०००. हिशेब नीटनेटका होता. खर्चाच्या रकान्यात अगदी खाली एक ओळ होती : ‘स्वयंपाक : घरचाच, ०’.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तो पहिल्या पाच मिनिटांत आरोपी झाला असता, आणि आरोपी झालेला माणूस ऐकत नाही, बचाव करतो.

“मी इचारलंय मां हिका,” तो म्हणाला. “ही बगूया म्हणाली.”

“इचारलात खंय? नुसता सांगितलात,” ती खिडकीकडे बघत म्हणाली.

दोघांना एकत्र बसवून ‘तुमचं म्हणणं काय’ असं विचारायची चूक नवे कार्यकर्ते हमखास करतात. ज्याला घरी जाऊन परिणाम भोगायचे असतात तो समोरच्याला हवं तेच बोलतो. म्हणून आधी दोघांना वेगवेगळं, प्रत्येकी वीस मिनिटं. त्यातली पहिली पाच मिनिटं ठरलेल्या प्रश्नांची : कधी हात उचललाय का, फोन तपासला जातो का, पैसे काढून घेतले जातात का, ‘नको’ म्हणायची भीती वाटते का. यातल्या एकालाही ‘हो’ आलं की एकत्र बैठक होत नाही. मग ते प्रकरण वाद मिटवण्याचं राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं, संरक्षण अधिकाऱ्याचं होतं. इथे चारही उत्तरं ‘नाही’ आली. पाटल्या तिच्या आईने तिला दिलेल्या होत्या. स्त्रीधनावर मालकी बायकोचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलंय. तेवढं मी तिला एकटीला सांगितलं. हत्यार म्हणून वापरायला सांगितलं नाही, पण माहीत असलेलं बरं.

एक बारकी गोष्ट. मी कुठल्याही बाईला ‘वहिनी’ म्हणत नाही. वहिनी म्हटलं की मी नवऱ्याच्या बाजूची नणंद ठरते. ती ताई, तो दादा.

एकटी असताना ताईंनी खोल्यांबद्दल फार कमी सांगितलं. बोलल्या त्या काजूच्या फॅक्टरीबद्दल. चार वर्षं सोलाईला जात होत्या, किलोवर मजुरी. दोन वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि काम सुटलं. सासूबाई गेल्या त्याला आता वर्ष झालं. परत जायचं होतं, पण ते त्यांनी घरात कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. मजुरी किती मिळायची विचारलं तर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुपारच्या डब्याला कोण कोण बसायचं, कोणाच्या लोणच्यात मीठ जास्त असायचं, तेच सांगत राहिल्या. शिवाय उजवा गुडघा. सात महिने दुखतोय, डॉक्टरांकडे गेलेल्या नाहीत, कारण ‘चतुर्थी होऊंदे’, त्याआधी ‘मे होऊंदे’.

दादांचं प्रकरण वेगळ्या ठिकाणी अडलेलं. बावीस वर्षं मुंबईत एकाच कंपनीत, कंपनी बंद पडली, गावी आले. त्यांना दुखतं ते काय, हे विसाव्या मिनिटाला बाहेर आलं. गावात भेटेल तो विचारतो, “कधी इलंस? कधी जातलंस?” कोकणात चाकरमान्याला हा प्रश्न प्रेमानेच विचारतात. दीड वर्ष घरी बसलेल्या माणसाला तो रोज टोचतो. दोन खोल्या उभ्या राहिल्या की हा प्रश्न थांबेल, असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे भांडण परड्यातल्या खोल्यांवरून, आणि गरजा भलत्याच : त्याला गावात काम असलेला माणूस म्हणून उभं राहायचंय, तिला स्वतःच्या हातात पैसे आणि चार बायकांची सोबत हवीय. खोल्या झाल्या असत्या तर त्याची गरज भागली असती आणि तिची कायमची बुजली असती. तिला हे कळत होतं, शब्दांत सांगता येत नव्हतं, म्हणून ती ‘बगूया’ म्हणत होती.

या ‘बगूया’वर थोडं थांबते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं याच शब्दात अडकलेली असतात. आपल्याकडे तोंडावर ‘नाय’ म्हणणं उद्धट. पाहुण्याला, सासऱ्याला, नवऱ्याला ‘बगूया’ म्हणतात, आणि म्हणणारीच्या मनात ते ‘नको’च असतं. ज्याला योजनेची घाई असते त्याला मात्र ते ‘हो, फक्त अजून ठरवायचंय’ असं ऐकू येतं. दादा आठ महिने ‘हो’ ऐकत आले होते. ताई आठ महिने ‘नको’ सांगत आल्या होत्या. दोघंही खरं बोलत होते. म्हणून मी जोडप्यांना तीन ठराविक उत्तरं देते : ‘हो’, ‘नको’, आणि ‘अमुक तारखेला सांगते’. चौथं उत्तर चालणार नाही. तारीख नसलेलं ‘बगूया’ म्हणजे ‘नको’ धरायचं.

एकत्र बसलो तेव्हा आधी मतं विचारली नाहीत. दोघांना एकेक कागद दिला, उभ्या चोवीस रेघा मारलेला. कालच्या दिवसात कुठल्या तासाला काय केलं ते भरा. ताईंचा दिवस सव्वापाचला सुरू झाला आणि कामाचे तास भरले साडेबारा. दादांचे पाच. कुणी काही बोललं नाही. मग दादांना म्हटलं, आता या कागदावर दोन खोल्यांचे चार पाहुणे बसवा.

ते उत्साहाने सांगायला लागले. सकाळी घावणे-चटणी. मी विचारलं, किती? माणशी चार, सोळा. बिडाच्या तव्यावर एक घावणा अडीच मिनिटं म्हटलं तर सोळांना चाळीस मिनिटं, उभ्याने, कारण घावणे आधी करून ठेवता येत नाहीत, गरमच वाढावे लागतात. दुपारचं जेवण : मासे आणणं, साफ करणं, वाटप, कढी, दोन तास. पाहुणे बदलले की दोन मोठ्या चादरी, चार उशांचे अभ्रे, चार टॉवेल, दोन न्हाणीघरं. मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला जातं, तेव्हा या धुण्याला पाणी कुठून? एकेक गोष्ट दादा स्वतःच बोलत होते आणि मी वेळ लिहीत होते. साडेपाच तास झाले. साडेबारात साडेपाच मिळवले की अठरा. दादांनी कागद उलटा करून बघितला, मागे आणखी काही रकाने असावेत तसा.

“आणि ह्या सगळा करतला कोण?” ताईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तरी दादांचा चढला. “म्हणजे मी काय घरात बसान खातंय?” मग २०११ साल आलं, धाकट्या नणंदेचं लग्न, तेव्हा विकलेली चेन. मान लाल, श्वास वर.

इथे बैठक थांबवायची असते. शरीर तापलेलं असताना शहाणपणाचं वाक्य कानापर्यंत पोचत नाही. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं नाडी मोजत तपासली. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणूस ऐकणं सोडून देतो, आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात, असं त्याच्या कामातून दिसलं. पाच मिनिटांचा चहा पुरत नाही तो म्हणूनच. या वीस मिनिटांत पुढचं वाक्य घोळवत बसलं तर थांबण्याचा उपयोग शून्य, तेव्हा हाताला काम द्यावं लागतं. दादांना मी बाहेरच्या पागोळीखाली साचलेलं पाणी काढायला फावडं दिलं. केंद्राच्या दारातला तो प्रश्नही सुटला.

परत आल्यावर एकच कवायत केली. एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, आणि बोलणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. बहुतेकांचं परत सांगणं वकिली असतं : ‘म्हणजे तुझं म्हणणं मी वाईट.’ ते मोडून पुन्हा करायला लावायचं. दादांचं तिसऱ्या खेपेला जमलं : “हिका परत फॅक्टरीत जावचा असा. माका ह्या माहीतच नव्हता.” ताईंना ‘कधी जातलंस’ परत सांगायला एकच खेप लागली. तो प्रश्न त्यांनीही बाजारात ऐकला होता.

मग ठरवाठरवी. इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं, कारण समोरचा लगेच सौदा करतो. दादांनी केलाच : “बरा, गुडघ्याक डॉक्टरकडे नेतंय, पण खोल्यांचा मान्य कर.” मी ते तिथेच खोडलं. गुडघा, झोप, स्वतःचा पैसा या गोष्टी सौद्यात टाकायच्या नसतात. टाकल्या तर पुढच्या प्रत्येक दुखण्याला किंमत लागते. डॉक्टरांकडे सोमवारी, चतुर्थीच्या आधी, खोल्यांचं काही होवो. ही तारीख पहिली लिहिली.

मला त्या दिवशी एक सोपी पळवाट उपलब्ध होती. परडं किनाऱ्यापासून इतकं जवळ की सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांखालची, परवानगी तपासावी लागणार, आणि सातबारा सामाईक, मुंबईतल्या दोन भावांच्या संमतीशिवाय बँक पुढे सरकणार नाही. ‘कायद्यात बसत नाही’ म्हणून विषय संपवता आला असता. तसं केलं असतं तर भांडण संपलं नसतं, नुसतं पुढच्या योजनेवर गेलं असतं, कोंबड्यांवर नाहीतर बोटीवर. परवानगीचं बघायलाच हवं, ते दादांच्या नावावर लिहिलं, पण ‘कोण करतला’ याचं उत्तर लागल्यानंतर. आणि खरं सांगायचं तर योजना वाईट नव्हती. वहीतले १२० दिवस मला जास्त वाटले. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे धरून ऐंशी-नव्वद म्हणा. तरी भागलं असतं.

ठरलं ते असं. चतुर्थीला जमलेल्या भावांपुढे खोल्यांची घोषणा करायची नाही. पाटल्या कपाटातच. कंत्राटदाराला काम थांबवायला सांगायचं. दिवाळीच्या सुट्टीत दादांच्या मुंबईच्या ओळखीतलं एक कुटुंब माडीवरच्या रिकाम्या खोलीत चार रात्री ठेवून बघायचं, पैसे घेऊन. स्वयंपाकाला गावातली बाई, ४०० रुपये रोज. चादरी, न्हाणीघर, बाजार दादांकडे. ताईंनी फक्त घड्याळ बघून वही भरायची. फॅक्टरीत चौकशी त्या स्वतः करतील, दादा सोबत जाणार नाहीत. हे शेवटचं ताईंनीच घातलं.

तुळशीच्या लग्नानंतर दोघं परत आली. वही तीच, अक्षर आता दोघांचं. शून्याच्या जागी ‘बाई : १,६००’ होतं आणि त्याखाली दादांच्या हातचं, ‘चादरी वाळल्या नाहीत, परतीचा पाऊस, दोन जोड जास्तीचे हवे’. चार रात्रींचे ६,००० आले, जेवणाचे वेगळे. बाई, बाजार, साबण, वीज जाऊन हातात ३,१०० उरले. ताई नोव्हेंबरपासून फॅक्टरीत जात होत्या. गुडघ्याला पट्टा आणि व्यायाम, त्यातला व्यायाम होत नव्हता.

दादांनी विचारलं, माडीवरची खोली नीट करून तेवढीच चालवूया का? परडं नको, कर्ज नको.

“खोली हो,” ताई म्हणाल्या. “पण फॅक्टरी सोडूची नाय.”

“आणि मे महिन्यात दोन्ही खोल्या, म्हणजे ओटीवरची पण?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मला वाटलं आता ‘बगूया’ येतं.

“नको.”

दादांनी ते लिहून घेतलं. कंत्राटदाराने ५०,००० पैकी ३०,००० परत दिलेत, बाकीच्याचे चिरे येऊन पडलेत म्हणतो. त्या चिऱ्यांचं काय करायचं यावर दोघांचं एकमत नाही. पुढची तारीख त्यासाठी दिलीय.