तुझा व्हिसा घालवीन म्हणणाऱ्या मॅनेजरला घाबरू नका

मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला मी ऑस्ट्रेलियात एका कॅफेत काम करायचे. तिथल्या मॅनेजरने तीन आठवड्यांचा पगार अडकवला, मागायला गेले तर म्हणाला तुझे तास जास्त झालेत, मी वर कळवलं तर व्हिसा जाईल. त्या रात्री झोप नाही लागली, घरी फोन करायचीही हिंमत झाली नाही. आता नवीन आलेल्या मुलामुलींचे अगदी तसेच मेसेज येतात म्हणून लिहायला बसलेय.

आधी तासांचं बघू, कारण माझी चूक खरंच झाली होती. स्टुडंट व्हिसावर कोर्स सुरू असताना पंधरवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम, १ जुलै २०२३ पासूनचा हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण मोजायचं कसं ते कोणी सांगत नाही. पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस. मी पहिल्या आठवड्यात २० तास केले, दुसऱ्यात २८, तिसऱ्यात २८, चौथ्यात २०, आणि दोन-दोन आठवड्यांच्या जोड्या लावून खूश, ४८ आणि ४८. पण दुसरा-तिसरा आठवडा मिळून ५६ होतात ना! सुट्टीत ही मर्यादा नसते, आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी मात्र कामच करता येत नाही.

पण तास चुकले म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडवायचा हक्क मालकाला मिळत नाही, हे मला युनिव्हर्सिटीच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात कळलं. व्हिसा रद्द करणं त्याच्या हातातच नाही, ते सरकारचं काम, आणि व्हिसाची भीती दाखवून कामगारावर दबाव आणणं १ जुलै २०२४ पासून तिथे गुन्हाच आहे. फेअर वर्क ऑम्बुड्समन नावाची सरकारी संस्था पगाराच्या तक्रारी घेते, व्हिसावाल्यांच्याही. किमान वेतन आणि पेस्लिप जसं तिथल्या माणसाला तसंच आपल्याला. पेस्लिप तर पगारानंतर एका कामाच्या दिवसात द्यावी लागते, मला एकदाही मिळाली नव्हती.

मी प्रत्येक आठवड्याच्या रोस्टरचा फोटो काढून ठेवायचे, केवळ सवय म्हणून. तेच कामी आले. तारखा आणि तास लिहून मॅनेजरला ईमेल केला, नंतर पूर्ण पैसे खात्यात आले.

दुसरीकडे जाणाऱ्यांनी आपापल्या देशाचं बघा, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सेमिस्टरमध्ये कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ब्रिटनमध्ये डिग्रीवाल्यांना सेमिस्टरमध्ये बहुतेक वेळा आठवड्याला २० तास आणि स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्सिंग अजिबात नाही, हे खूप जण विसरतात. अमेरिकेत एफ-१ या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टरमध्ये सहसा कॅम्पसवरच आठवड्याला २० तास, आणि डिग्रीनंतरच्या ओपीटीत (आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) नोकरीविना ९० दिवसच चालतात, त्यामुळे ओपीटीची तारीख निवडताना नीट विचार करा.

अजून एक, ऑस्ट्रेलियात मालक म्हणाला एबीएन (स्वतंत्र धंदा करणाऱ्याचा सरकारी नंबर) काढ आणि बिल दे, तर थांबा. रोस्टर त्याचा, वेळ त्याची, काम त्याच्या सांगण्यावरून, म्हणजे तुम्ही बहुधा त्याचे कर्मचारीच आहात, आणि एबीएनवर ढकललं की सुपरॅन्युएशन (मालकाने तुमच्या निवृत्तीसाठी भरायचे पैसे) आणि किमान वेतन दोन्ही गुपचूप गायब होतात.